गोपाळची फाइल पुन्हा उघडा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली.



राज्यसभेत आपण गुजरातचं प्रतिनिधित्व करता, तेव्हा गोपाळचं नाव आपल्याला सांगायला नको. तरी हे पत्र जाहीर असल्यामुळे, ज्यांना तो आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

जुनागढ जिल्ह्यातल्या माळिया हाटीना भागातला हा मुलगा. घरची परिस्थिती बेताची, बहीण आणि तिच्या नवऱ्याच्या आधाराने वाढत होता. २०१५ साली पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल इथे राहणारं एक जोडपं गुजरातेत आलं. आम्हाला मूल दत्तक हवं आहे, ते आमच्याजवळ लंडनला राहील, अशी जाहिरात तिथल्या वर्तमानपत्रात आली. गोपाळ त्यांना पसंत पडला आणि दत्तकपत्र झालं. मग त्याच्या आयुष्यावर सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांचा विमा उतरवला गेला. लंडनला मात्र तो कधी गेलाच नाही. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी राजकोटहून परतताना केशोदजवळ त्याच्यावर चाकूहल्ला झाला. बहिणीचा नवरा त्याला वाचवायला मध्ये पडला, तोही जबर जखमी झाला. पुढच्या काही दिवसांत दोघेही रुग्णालयात मरण पावले. गोपाळचं वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचं होतं.

गुजरात पोलिसांचं म्हणणं असं की विम्याच्या रकमेसाठी हा कट लंडनमध्ये शिजला आणि मारेकरी सुपारी देऊन आणले गेले. जोडप्याने हा आरोप पहिल्यापासून नाकारला आहे. खुनाच्या आरोपाची सुनावणीच झालेली नसल्यामुळे त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. आपल्या मंत्रालयाच्या फायलीत ती आहेतच.

भारताच्या विनंतीवरून जून २०१७ मध्ये त्या दोघांना ब्रिटनमध्ये अटक झाली. त्या वेळी आपण परराष्ट्र सचिव होता. २ जुलै २०१९ रोजी वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयाच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी प्रत्यार्पण नाकारलं. आपल्याला परराष्ट्रमंत्री होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. भारताने उच्च न्यायालयात अपील केलं, फेब्रुवारी २०२० मध्ये तेही फेटाळलं गेलं. दोघं मोकळे झाले.

पुढची गोष्ट साऱ्या जगाने वाचली. मे २०२१ मध्ये ब्रिटनहून विमानाने सिडनीला पोहोचलेल्या धातूच्या टूलबॉक्समध्ये ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांना ५१४ किलो कोकेन सापडलं. माल पाठवणारी कंपनी याच जोडप्याची होती. खोक्यांच्या प्लास्टिकवर नवऱ्याच्या बोटांचे ठसे मिळाले. हॅनवेलच्याच एका भाड्याच्या गोदामात पेट्या आणि सुटकेस भरून जवळपास ३० लाख पौंडांची रोकड निघाली. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या साउथवर्क क्राउन न्यायालयात दोघं दोषी ठरले आणि प्रत्येकी ३३ वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्यातला एक तपशील मला सर्वांत जास्त बोचतो. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीच्या हिशेबाप्रमाणे या कंपनीने ऑस्ट्रेलियाला ३७ वेळा माल पाठवला आणि त्याची सुरुवात जून २०१९ पासून झाली. म्हणजे प्रत्यार्पणाचा निकाल अजून लागायचा होता, तेव्हाच.

शिक्षेची बातमी आली तेव्हा इथे केवढा संताप उसळला, हे आपण पाहिलं असेल. बहुतेकांचा राग ब्रिटनवर होता. मारल्या गेलेल्या मुलाला हक्क नाहीत आणि आरोपीला मात्र मानवी हक्कांची ढाल, असा सूर होता. खुनासाठी सोडलं आणि पावडरीसाठी पकडलं, असंही लोक म्हणाले. राग खोटा नव्हता. पण तो चुकीच्या दारावर धडका देत होता, असं मला वाटतं, आणि हे पत्र आपल्याला लिहायचं कारणही तेच आहे.

निकाल नीट पाहिला तर ध्यानात येतं की न्यायाधीशांनी आपले पुरावे धुडकावले नव्हते. खटला चालवण्याजोगं प्रथमदर्शनी प्रकरण आहे, पुरावा परिस्थितीजन्य असला तरी पुरेसा आहे, असं त्यांनी मान्य केलं. गाडी अडली ती शिक्षेपाशी. आपल्या प्रत्यार्पण कायद्याच्या ३४-सी कलमानुसार, ज्या देशात फाशी नाही अशा देशाने सोपवलेल्या आरोपीला इथे फाशी देता येत नाही, जन्मठेपच द्यावी लागते. म्हणजे फाशीची अडचण आपण कायद्यानेच दूर करून ठेवली आहे. पण दुहेरी खुनाच्या आरोपीला गुजरातेत मिळणारी जन्मठेप ही सुटकेची काहीही वाट नसलेली, पॅरोलविना मरेपर्यंतची कैद ठरेल, असं न्यायालयापुढे आलं. युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमाला अशी शिक्षा चालत नाही. कैदी कितीही वाईट असो, कधीतरी त्याच्या शिक्षेचा फेरविचार होण्याची खरीखुरी शक्यता हवी, असं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली सांगितलं. ते सांगितलं होतं खुद्द ब्रिटनला, ब्रिटिश तुरुंगांतल्या खुन्यांच्या खटल्यात. तेव्हा हा नियम आपल्याला कमी लेखायला काढलेला नाही. ब्रिटिश सरकारलाही तो नकोसाच वाटत होता.

राष्ट्रपती आणि राज्यपालांना घटनेच्या ७२ आणि १६१ व्या कलमांनी दयेचा अधिकार आहे, हे खरं. पण माफी मिळू शकते असं मोघम सांगणं आणि अमुक वर्षांनंतर अमुक अधिकारी फेरविचार करील असं लेखी देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लंडनच्या दोन्ही न्यायालयांचं समाधान होईल इतकं ठोस काही आपल्याकडून पुढे आलं नाही, एवढं निकालांवरूनच दिसतं.

इथे मला मुंबईतली एक जागा आठवते. सात रस्त्याजवळचं आर्थर रोड कारागृह. त्यातली बराक क्रमांक १२. बँकांचे ९ हजार कोटी रुपये थकवून गेलेल्या विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाची सुनावणी याच एमा आर्बथनॉट यांच्यासमोर झाली. तुरुंगाची अवस्था चांगली नाही, तिथे उजेड येत नाही, असं मल्ल्यांचे वकील म्हणत होते. न्यायाधीशांनी चित्रफीत मागवली, तीही भर दुपारी, नैसर्गिक उजेडात, खिडकीसकट दिसेल अशी. आपल्या यंत्रणेने बराक क्रमांक १२ मध्ये कॅमेरा नेला. खिडकी, कोठडी, संडास सगळं टिपलं आणि ते न्यायालयात दाखवलं. १० डिसेंबर २०१८ रोजी त्याच न्यायाधीशांनी मल्ल्यांना भारताच्या हवाली करायला मान्यता दिली. पुढे बँक घोटाळ्यातले आरोपी नीरव मोदी यांच्या वेळीही हीच बराक कामाला आली. हे दोघे अजून इथे पोहोचले नाहीत ही गोष्ट वेगळी. पण आक्षेप आला की तो मुद्देसूद खोडून काढायची कला आपल्या अधिकाऱ्यांना अवगत आहे, हे त्यातून सिद्ध झालं. न्यायाधीश त्याच, शहर तेच, आणि दोन निकालांत अंतर फक्त सात महिन्यांचं.

मग गोपाळच्या वेळी काय झालं? त्याच्यामागे कर्ज बुडालेली बँक नव्हती. दिल्लीत बसून पाठपुरावा करणारा वकिलांचा ताफा नव्हता. संसदेत त्याच्या नावाने गोंधळ घालणारं कुणी नव्हतं. एक गरीब बहीण होती, तिचा भाऊ आणि नवरा दोघेही त्या एका हल्ल्यात गेले होते.

आपण म्हणाल, शिक्षेची मर्यादा परदेशी न्यायालयाला लिहून देणं सार्वभौम देशाला शोभतं का? याचं उत्तर आपल्या सरकारी दफ्तरातच आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालला फाशी आणि बेमुदत कैद दोन्ही मान्य नव्हत्या. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी लेखी हमी दिली: फाशी देणार नाही, आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आला. खटला चालला आणि २०१७ मध्ये टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे सरकारची ती हमी पाळावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. २५७ माणसं मारली गेली त्या गुन्ह्यातल्या आरोपीसाठी देशाने ही हमी दिली आणि त्यामुळे देशाची मान खाली गेली असं आम्हा मुंबईकरांना तरी वाटलं नाही. हमी दिली नसती तर तो लिस्बनमध्येच राहिला असता.

गुजरात सरकारबद्दलही इथे थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. जानेवारी २०१४ मधलं तिथलं शिक्षामाफीचं धोरण कडक आहे. दोन किंवा अधिक माणसांच्या सामूहिक हत्येसाठी शिक्षा झालेल्यांना आणि बलात्कारासह खून करणाऱ्यांना त्यात सवलत नाही. कागदावर हे कुणालाही पटेल. पण हेच धोरण लागू असताना ऑगस्ट २०२२ मध्ये बिल्किस बानो खटल्यातले, सामूहिक बलात्कार आणि खुनांसाठी दोषी ठरलेले अकरा जण गोध्र्याच्या तुरुंगातून बाहेर आले आणि त्यांच्या गळ्यात हार पडले. त्यांना शिक्षा २००८ मध्ये, मुंबईतल्या विशेष न्यायालयात झाली होती, म्हणून १९९२ चं जुनं, सैल धोरण त्यांना लावलं गेलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हता, असं सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये हॅनवेलच्या जोडप्याला कोकेनसाठी शिक्षा झाली. मी दोन खटल्यांची सांगड ओढूनताणून घालत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की माफीचं धोरण ही दगडावरची रेघ नसते. ज्यांना सोडायचं होतं त्यांच्यासाठी राज्याला वाट सापडली. ज्यांना आणायचं होतं त्यांच्यासाठी, पंचवीस वर्षांनी आम्ही फेरविचार करू, एवढं एक वाक्य लिहायची वाट सापडू नये?

दुसरीही एक वाट आहे आणि तिच्याकडे इथल्या चर्चेत कुणी वळलंच नाही. ब्रिटनच्या १८६१ च्या कायद्यानुसार ब्रिटिश नागरिकाने परदेशात खून केला तरी त्याच्यावर इंग्लंडमध्ये खटला चालवता येतो. इंग्लंडमध्ये बसून परदेशातल्या कुणाच्या खुनाला चिथावणी दिली तर तोही तिथे गुन्हा आहे, मग मरणारा कुठल्याही देशाचा असो. या जोडप्यातली स्त्री ब्रिटिश नागरिक आहे. आणि हे काही केवळ पुस्तकातलं कलम नाही. हीथ्रो विमानतळावर कस्टममध्ये काम करणारी एक शीख तरुणी १९९८ मध्ये सासूबरोबर पंजाबात गेली आणि नाहीशी झाली. मृतदेह आजवर मिळालेला नाही. तरीही २००७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत तिचा नवरा आणि सासू खुनासाठी दोषी ठरले. गुन्हा पंजाबातला, कट लंडनमधला, शिक्षा लंडनमध्ये. गोपाळच्या प्रकरणात तर मृतदेह आहे, विम्याचे कागद आहेत आणि प्रथमदर्शनी पुरावा आहे असं म्हणणारं ब्रिटिश न्यायालयाचंच निकालपत्र आहे. तुम्ही पाठवत नसाल तर तुम्हीच चालवा, असं आपण लंडनला ठणकावून सांगू शकतो.

करार असला म्हणजे काम होतं, असा एक समज आहे. भारत आणि ब्रिटनमध्ये १९९२ पासून प्रत्यार्पण करार आहे. ब्रिटन आणि पाकिस्तानमध्ये तो नाही. तरीही सारा शरीफचं प्रकरण पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंगच्या घरात दहा वर्षांच्या साराचा छळाच्या खुणांनी भरलेला मृतदेह मिळाला. वडील, सावत्र आई आणि काका आदल्याच दिवशी इस्लामाबादला उडाले होते. मग शोध सुरू झाला. सरे परगण्याचे पोलीस, इंटरपोल, पाकिस्तानच्या पंजाबचे पोलीस, सगळे कामाला लागले. झेलमच्या नातेवाइकांच्या घरांवर छापे पडले. रोज बातम्या होत्या, रोज दबाव होता. साधारण पाच आठवड्यांत तिघंही आपण होऊन विमानात बसून परतले आणि उतरताच पकडले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये वडिलांना किमान ४० वर्षांची, सावत्र आईला किमान ३३ वर्षांची जन्मठेप आणि काकाला १६ वर्षांची कैद झाली. पाकिस्तानी पोलिसांचं सगळंच कौतुकाचं नव्हतं. घरातल्या लहान मुलांना आणि नातेवाइकांना दिलेला त्रास मला पटत नाही. आणि सारा जिवंत असताना तिच्या अंगावरचे वळ शाळेला दिसले होते, तेव्हा ब्रिटिश यंत्रणा झोपलीच होती. पण मूल मेल्यावर तिथल्या सरकारने ते प्रकरण आपलं मानलं. करार नसतानाही.

गोपाळच्या बाबतीत शोधाशोध करायची गरजच नव्हती. आरोपींचा पत्ता माहीत होता. आज तर त्यांच्या तुरुंगाचाही पत्ता माहीत आहे. ३३ वर्षांची शिक्षा भोगत असलेला माणूस पळून जाणार नाही, पुरावा नष्ट करणार नाही. ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात अशा शिक्षा भोगणाऱ्या व्यक्तीला खटल्यापुरतं दुसऱ्या देशाकडे सोपवून परत घेण्याची तरतूद आहे. आपण त्या व्यक्तीला कोठडीत ठेवण्याची आणि काम झाल्यावर परत पाठवण्याची हमी द्यायची, एवढंच. आता उशीर होतोय तो साक्षीदारांच्या बाबतीत. २०१७ मध्ये केशोदच्या रस्त्यावर ज्यांनी काही पाहिलं, दत्तकपत्रावर ज्यांनी सह्या केल्या, विमा ज्याने विकला, त्यांच्या आठवणी दरवर्षी पुसट होत आहेत. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या, आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याच्या कलमाकडे मात्र कुणी मोहाने पाहू नये. तसा निकाल लंडनला दाखवायला गेलो तर नवा आक्षेप विकत घेतल्यासारखं होईल.

दत्तकपत्र आणि विमा यांचा विषय आपल्या खात्याचा नाही, तो मी इथे लांबवत नाही. तरी परदेशस्थ लोक घरगुती दत्तकपत्रावर मूल घेतात, ते मूल इथेच ठेवतात आणि त्याच्या जिवावर कोटीचा विमा काढतात, तेव्हा कुठल्याच टेबलावर कुणाची भुवई उंचावत नाही, ही गोष्ट महिला व बालविकास आणि अर्थ खात्यांच्या मंत्र्यांना आपण एकदा विचारावी, अशी विनंती आहे. परदेशात जाणाऱ्या दत्तक मुलासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची परवानगी लागते. पण जे मूल कधी विमानात बसतच नाही, ते त्या चाळणीतून गळून जातं.

माझं मागणं लांबलचक नाही. गुजरात सरकारकडून लेखी घ्या की या दोन आरोपींना जन्मठेप झाल्यास ठरलेल्या मुदतीनंतर तिचा फेरविचार होईल, आणि त्यावर केंद्राची हमी जोडा, सालेमच्या वेळी जोडली तशी. ती घेऊन नव्याने प्रत्यार्पण मागा. लंडनने पुन्हा नाही म्हटलं तर पुराव्याची पेटी तिथल्या अभियोग खात्याच्या हाती द्या आणि खटला तिथे चालवायला सांगा. यांतलं काही आपल्या मंत्रालयाने आधीच सुरू केलं असेल तर ते संसदेच्या पटलावर ठेवा, म्हणजे मला हे पत्र मागे घेता येईल.

आणि एक काम असं आहे की त्याला ना करार लागतो ना न्यायालय. प्रकरण आज कुठे आहे, पुढे काय होणार आहे, हे गोपाळच्या बहिणीला आपल्या मंत्रालयाने पत्राने कळवावं. पत्र गुजरातीत असावं आणि खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन नंबर असावा.

कळावे,
आपला,
सात रस्ता, मुंबई येथील एक नागरिक